पेटीत नसलेला तुकडा

१६ जानेवारी, मंगळवार

आलं एकदाचं रंध्याचं यंत्र. नवऱ्याची, माझ्या ओन्नीची, बोट विकून घेतलेलं, ओहायोहून ट्रकने निघालेलं, माझ्या खांद्याएवढ्या उंच लाकडी पेटीत बंद. पेटीवर लाल अक्षरांत लिहिलंय, आडवी करू नये. आडवी करण्याइतका जोर इथे कुणाच्या अंगात उरलाय?

बर्फामुळे ट्रक आतल्या वळणावर येईना. शेजारच्या टाउनोला फोन केला. तो ट्रॅक्टर घेऊन आला, पुढचे दोन काटे पेटीखाली सारले आणि मान एकदा हलवली. म्हणजे, मी बघतो, तू जा. टाउनोची मान वाचायला मला उभा जन्म लागला. आता तिची एकही हालचाल चुकत नाही.

ड्रायव्हर लायल नावाचा. बिचाऱ्याचं नाक थंडीने लाल झालेलं, पहाटेपासून पोटात काही नाही. अशा माणसाला दारातून परत पाठवलं असतं तर माझी आई थडग्यातून उठून आली असती. त्याला आत घेतलं, कॉफी ओतली, निसू, आमचा गोड पाव, कापला. या खेपेला पावात वेलदोडा जरा जास्तच पडलाय, तरी त्याने तीन तुकडे संपवले. खाता खाता त्याच्या सासूच्या कोंबडीची काहीतरी गोष्ट सांगितली आणि मी इतकी हसले की कॉफी बशीत सांडली. माल नीट पोचल्याच्या कागदावर सही हवी होती, ती तिथेच टेबलावर केली. आधी बाहेर जाऊन पेटी पाहायला हवी होती. पण पाहुण्याला टेबलाशी बसवून उठून जायचं तरी कसं?

मी बाहेर आले तोवर पेटी कार्यशाळेत भिंतीला लावून उभी होती. टाउनो कॉफीला थांबला नाही. चूल तशीच पेटती ठेवून आलोय म्हणाला आणि निघाला. माझ्या घरून कॉफी न घेता टाउनो गेल्याचं मला आठवत नाही. बोटीचा राग अजून गेलेला नाही तर. त्या बोटीत तो आणि ओन्नी जन्मभर मासे धरत बसायचे, दिवसाला चार शब्द बोलून. पण बोट किनाऱ्यावर कुजवून मी काय करणार होते?

१८ जानेवारी, गुरुवार

पेटी उघडायला टाउनो यायचा होता. आला नाही, फोनही उचलला नाही. शेवटी पहार घेऊन मीच उघडली.

यंत्र फुटलेलं आहे.

बिडाच्या टेबलाचा एक कोपरा तुटून गेलाय, माझ्या तळहाताएवढा. हातचाकाचा दांडा वाकलाय. पात्यांचा रूळ हाताने फिरवला तर घासल्याचा कर्रकर्र आवाज येतो. पेटीच्या भिंतीकडच्या बाजूच्या खालच्या दोन फळ्या फुटल्यात आणि मधे फट पडलीय. ती बाजू भिंतीला असल्यामुळे मला दोन दिवस दिसलीच नाही. आतलं सगळं भुस्कट उपसलं, चाळून पाहिलं. तुटलेला तुकडा काही मिळाला नाही.

तिथेच उलट्या बादलीवर बसून राहिले. जूनपर्यंत तळ्याकाठच्या मोटेलवाल्याला सौनाची, वाफेच्या न्हाणीची, आठ बाकं द्यायची आहेत. ओन्नी हातरंध्याने एक बाक करायला आठवडा घ्यायचा आणि वर त्याचे खांदे माझ्या दुप्पट. हे यंत्र म्हणजे हौस नव्हती. ओन्नीचं काम माझ्या हातून होऊ शकतं की नाही, ते मला पाहायचं होतं. नाही झालं तर हे घर बंद करून फीनिक्सला मुलीच्या मागच्या खोलीत जायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे कोण?

१९ जानेवारी, शुक्रवार

कंपनीला फोन. तक्रारी घेणारी बाई डोरीन नावाची, आवाज मऊ. तिने पहिलाच प्रश्न विचारला, सही करताना पेटी पाहिली होती का? मी म्हटलं, नाही, मी ड्रायव्हरला कॉफी देत होते.  मग ती म्हणाली, "बाईसाहेब, मी इतकी वर्षं ही नोकरी करतेय, पण हे कारण पहिल्यांदा ऐकलं."

फोटो काढून पाठवायला सांगितलेत.

२० जानेवारी, शनिवार

सौना तापवली. टाउनोच्या घरची सौना जळाली तेव्हापासून दर शनिवारी तो आमच्याकडे येतो. आधी ओन्नी आणि तो मिळून बसायचे. ओन्नी गेल्यावरही त्याने एक शनिवार चुकवला नाही. आधी मी आंघोळ करते, मग तो, मग स्वयंपाकघरात कॉफी. बोलणं जवळपास नाहीच.

आज त्याने सर्दी झाल्याचं कळवलं. सर्दी झालेल्या माणसाने सौनात बसायचं नाही तर कुठे बसायचं? पण मी काही म्हटलं नाही. दगडांवर पाणी ओतलं, एकटीच बसले.

३ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा सर्दी. मागच्या शनिवारीही सर्दीच होती.

आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला की टाउनो माझ्याशी बोलत नाही. आमच्या थंड मुलखातल्या लोकांत माणूस गप्प झालाय हे कळायलाच आठवडे जातात, कारण आधीही तो गप्पच असतो. पण गप्प बसण्यातही फरक असतो. पूर्वी तो माझ्याकडे बघून गप्प असायचा.

अंगणातला बर्फ मात्र रोज काढून जातो. मी उठायच्या आधी. फावड्याचा आवाज ऐकून खिडकीशी जावं तर पाठमोरा निघालेला.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज मुद्दाम लवकर उठले. टाउनो जुन्या विहिरीपाशी वाकून एका सळईने बर्फात टोचत होता. दार उघडून विचारलं, काय हरवलं? तो इतका दचकला की सळई हातातून पडली.

"हातमोजा," म्हणाला.

"दोन्ही तर हातात आहेत तुझ्या."

त्याने हातांकडे पाहिलं. "दुसरा जोड," म्हणाला आणि गेला. म्हातारा होत चाललाय, दुसरं काय. ओन्नीचंही शेवटी असंच व्हायचं, चष्मा डोळ्यावर आणि शोधाशोध घरभर. मला एकदम त्याची दया आली. राखाडी लोकर पडून आहे, त्याच्यासाठी एक जोड विणायला घेते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

डोरीनचा फोन. ड्रायव्हर लायलने त्याच्या मालकांना सांगितलंय की पेटी ट्रकवरून उतरली तेव्हा धडधाकट होती, एक फळी हललेली नव्हती. शेजाऱ्याने ट्रॅक्टरवर घेतली, पुढचं त्याला ठाऊक नाही म्हणे. वर हेही सांगितलं की बाईंनी फार आपुलकीने खाऊ घातलं. तीन तुकडे खाऊन असं बोलतो माणूस!

डोरीनने भीत भीत विचारलं, तुमच्या त्या शेजाऱ्याच्या हातून काही...

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, ऐका, फेब्रुवारीतल्या निसरड्या बर्फावरून माझ्या नवऱ्याची शवपेटी या माणसाने खांद्यावरून नेली आणि एक पाऊल चुकू दिलं नाही. त्याच्याविषयी बोलायचं नाही. आणि दुसरं, तुटलेला तुकडा पेटीत नाही आणि माझ्या कार्यशाळेतही नाही. म्हणजे ट्रक धावत असतानाच फळ्या फुटल्या, तुकडा निसटला आणि रस्त्यात कुठेतरी पडला. तो तुकडा मला माझ्या आवारात दाखवा, मी यंत्र ठेवून घेते.

डोरीन म्हणाली, हा मुद्दा वजनदार आहे. मला फार बरं वाटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. मग विणायला बसले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

हातमोजे घेऊन टाउनोकडे गेले. त्याने ते हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, घातले मात्र नाहीत. "कशाला गं एवढं," म्हणाला. डोळे जमिनीवर. हातमोजे देऊन मी कधी कुणाला इतकं लाजवलेलं नाही.

मग मी कामाचं काढलं. म्हटलं, डोरीनला तुझ्या सहीचे दोन शब्द हवेत. पेटी ट्रकमधूनच फुटकी उतरली, एवढंच लिही, म्हणजे झालं काम.

 त्याने चुलीत लाकूड घातलं, दार लावलं, पुन्हा उघडलं.

"असं नाही लिहिता येणार मला."

"का?"

"मी तसं पाहिलं नाही, हेल्मी."

"तू काटे खाली घातलेस, तू उचललीस. तू नाही पाहिलं तर कुणी पाहिलं?"

त्याने चुलीचं दार पुन्हा लावलं. मग माझा तोल गेला. साठलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, बोटीचा राग काढतोयस माझ्यावर. मी यंत्रावर काम करणार हे तुला बघवत नाही. ओन्नी असता तर तुझी मान धरून सही घेतली असती.

"बोट तुझी होती," तो म्हणाला. "विकलीस ते बरंच केलंस."

एवढं बोलून बाहेर लाकडं फोडायला गेला. पाहुणी घरात असताना! मी तशीच चालत घरी आले. सौना तापवली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिला थंड शनिवार.

९ मार्च, शनिवार

सौना तापवली. लाकडं फुकट गेली. पंधरा मिनिटांत बाहेर आले. अंगावर ऊब होती आणि ती कुणाच्या कामाची नव्हती.

२९ मार्च, शुक्रवार

डोरीनला फोन केला. विचारण्यासारखं काही नव्हतं, फोटो पोचले का हे मी आधी दोनदा विचारलंय. तिच्याही ते लक्षात आलं असणार. तरी म्हणाली, बरं झालं फोन केलात, पुन्हा बघते. मग तिनेच विचारलं, तिकडे अजून बर्फ आहे का? मी सांगितलं, खिडकीच्या निम्म्यापर्यंत. तिच्याकडे झाडांना फुलं आलीत. एवढं बोलून झाल्यावर दुसरा कुणाचा तरी फोन वाजायला लागला आणि तिला जावं लागलं.

टाउनो अजून बर्फ काढून जातो. आज दाराशी कॉफीचा थर्मास ठेवला. टाउनोने त्याला हात लावला नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

जिंकले! डोरीनचा फोन. नवीन यंत्र पाठवणार, जुनं घेऊन जाणार. तुकड्याच्या मुद्द्यापुढे ट्रकवाल्यांचं काही चाललं नाही. त्यांनी चूक लायलच्या नावावर घातली आणि त्याला कामावरून काढलं.

ओठांवर आलं होतं, बरी खोड मोडली. पण ते तोंडातून निघालं नाही. डोरीन म्हणाली, शेवटपर्यंत तो तेच सांगत होता, पेटी चांगली होती म्हणून. खोटं बोलणाऱ्या माणसाने निदान गोष्ट तरी बदलावी.

कोट चढवून टाउनोला सांगायला निघाले. फाटकापर्यंत जाऊन परत आले. भांडण माझं अजून मिटलेलं नाही. आनंदाची बातमी घेऊन दिवसभर घरात हिंडले. शेवटी स्वतःसाठी निसू केला आणि त्याला हात लावावासा वाटला नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

आठवडाभर ऊन आणि वारा. अंगण उघडं पडलं. दर वर्षी या दिवसांत हिवाळाभर हरवलेलं एकेक वर येतं, कपड्यांचे चिमटे, कुणाची तरी टोपी, कुत्र्याचं हाड. ते वेचायला टोपली घेऊन हिंडत होते.

विहिरीच्या कट्ट्याला लागून, डाव्या अंगाला, चिखलात हिरवा रंग दिसला. यंत्राचा हिरवा. वाकून उचलला तर जड. माझ्या तळहाताएवढा. कट्ट्याच्या दगडालाही ओरखडा आहे, त्यात तोच हिरवा रंग बसलाय. शेजारी फळीच्या चार चिपा.

कार्यशाळेत नेऊन टेबलाच्या तुटक्या कोपऱ्याला लावून पाहिला. केससुद्धा शिरणार नाही इतका चपखल बसला.

मग मला सगळं एकामागून एक आठवत गेलं. सळई. दुसरा जोड. भिंतीकडे वळवलेली फुटकी बाजू. "मी तसं पाहिलं नाही." त्याने ते सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं आणि मी बसले होते हातमोजे विणत.

आधी राग आला, फार आला. खोटारडा, भित्रा, म्हातारा. एका वाक्यात उरकलं असतं! मग वाटलं, कसलं एक वाक्य. माझी बोट गेली होती, यंत्रावर माझा जीव टांगलेला होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरीही खोटी सही मागितली तेव्हा त्याने दिली नाही. दिली असती तर मी फेब्रुवारीतच जिंकले असते आणि तोही सुटला असता.

तुकडा पुन्हा चिखलात दाबला तर कुणाला कळणार नाही. नवीन यंत्र येईल, बाकं होतील, मी घरात राहीन. लायल कुठल्या तरी दुसऱ्या ट्रकवर लागेल. टाउनो बर्फ काढत राहील आणि दर शनिवारी त्याची सर्दी चालू राहील. मी खरंच कट्ट्यावर बसून याचा विचार केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी डोरीनला फोन केला. म्हटलं, चूक आमच्याकडची, यंत्र आमच्याच अंगणात पडलं, तुकडा सापडला. नवीन पाठवू नका. त्या ड्रायव्हरच्या मालकांना आजच्या आज कळवा आणि त्याला म्हणावं, हेल्मीबाई माफी मागते.  डोरीन म्हणाली, नवीन टेबल आणि दांडा सुटा मिळतो, विकत घेतलात तर स्वस्तात लावून देते. शेवटी म्हणाली, तुमचे फोन आता येणार नाहीत, मला चुकल्यासारखं होईल.  ओहायोतली एक बाई, जिला मी कधी पाहिलं नाही.

तुकडा फडक्यात गुंडाळून टाउनोकडे गेले. त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने फडकं उलगडलं. माझे राखाडी हातमोजे खुंटीला टांगलेले होते, एकदाही न घातलेले.

"कुठे होता?" त्याने विचारलं.

"कट्ट्याच्या डाव्या बाजूला."

"मी उजवीकडे शोधला."

"ते दिसलं मला."

तो खाली बसला. मला वाटलं, आता तो उठून लाकडं फोडायला जाणार. म्हणून मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. मी कंपनीला सांगून टाकलंय म्हटलं, आता भ्यायचं काही उरलं नाही. फक्त एवढं सांग, तुझ्यासारख्या माणसाच्या हातून ते पडलं कसं?

चूल धडधडत होती. तो तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"तू हसलीस," तो म्हणाला.

मला काही कळलं नाही.

"आत. त्या पोराबरोबर. ओन्नी गेल्यापासून मी तुझं हसणं ऐकलं नव्हतं. मी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. तेवढ्यात चाक घसरलं."

टाउनोच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी आजवर ऐकली नव्हती. तोही दमल्यासारखा झाला. पुढे म्हणाला, त्याच दिवशी सांगणार होतो, पण तू बाहेर आलीस ती अजून हसतच होतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या आणखी अवघड झालं.

मी उभी होते तशी खुर्चीवर बसले. काय बोलावं ते आमच्या लोकांना शिकवलेलं नसतं. शेवटी म्हटलं, उद्या शनिवार आहे.

"हो."

"सर्दी कशी आहे?"

"गेली," तो म्हणाला.

२० एप्रिल, शनिवार

आला. काखेत लाकडं, हातात राखाडी हातमोजे. एप्रिलच्या उन्हात लोकरी हातमोजे!

आधी मी, मग तो, मग कॉफी. बाकांचं त्यानेच काढलं. नवीन टेबल येईपर्यंत ओन्नीचे रंधे आहेत, एक तू घे, एक मी घेतो, जूनपर्यंत आठ नाही तर पाच तरी होतील. पाच बाकांवर मोटेलवाला काय म्हणेल, ठाऊक नाही. मुलीच्या मागच्या खोलीचं मी टाउनोला सांगून टाकलं. त्याने नुसती मान हलवली. या वेळी मी ती वाचायला गेले नाही, सरळ विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे, जाऊ नकोस," तो म्हणाला.

 दुसरा कप ओतताना त्याने विचारलं, तो ड्रायव्हर काय बोलला होता गं, एवढं हसण्यासारखं? मी आठवून आठवून सांगितलं. त्याच्या सासूची कोंबडी ट्रकमध्ये शिरली, थेट ग्रीन बे शहरापर्यंत गेली आणि परत यायला तयार होईना. टाउनोने नीट विचार केला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

खरंच काही नव्हतं. मी त्याला सांगितलं, कोंबडीचं काही नाही रे. कुणीतरी माझ्या टेबलाशी बसून मला एक गोष्ट सांगत होतं, एवढंच. दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

टाउनो कपात बघत राहिला. मला वाटलं, झालं, आता उठेल. त्याने घसा खाकरला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत जोर लावून म्हणाला,

"आमच्याकडे एकदा एक गाय होती."